नानांनी परत म्हणून दाखवलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला तर नाहीच. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना ते ओरडूनच सांगावं लागलं असतं, आणि आता ते नाहीत. नानांना जाऊन महिना होत आला. मी रजा वाढवून गावी, सावद्यालाच राहिलो आहे. दुपारी घर शांत असतं तेव्हा थोडं थोडं लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. ओळखीच्या माणसाशेजारी बसून बोलावं तसं लिहायचं ठरवलं आहे. जमेल का — माहीत नाही.

नाना म्हणजे माझे वडील. भावकीत ते थोरले, सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही नानाच म्हणायचो. दीपनगरच्या वीजकेंद्रात त्यांची सगळी नोकरी गेली. मी तिथल्या वसाहतीत वाढलो. ज्या भागात त्यांची ड्यूटी असे तिथे दोन माणसं शेजारी उभी राहिली तरी बोललेलं ऐकू येत नसे, हातवाऱ्यांवर काम चाले. कानात घालायचे रबरी बोळे मिळत. पण ते घातले की फोनची घंटा ऐकू येत नाही, म्हणून ते सगळ्यांच्या खिशातच असत. नानांच्याही.

त्या फोनची एक पद्धत होती. पलीकडून सूचना आली की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. पलीकडचा ‘बरोबर’ म्हणाला की मगच हात हलवायचा, तोवर नाही. नानांची ही सवय घरातही आली होती. आई म्हणायची, येताना तूरडाळ आणा, गोडेतेल आणा. नाना दारात पिशवी धरून उभे राहत — ‘तूरडाळ, गोडेतेल’ — आणि आई ‘बरोबर’ म्हणेपर्यंत जागचे हलत नसत. शेजारच्या बायका आईला चिडवायच्या, तुमच्या घरी भाजीसुद्धा परवानगी घेऊन शिजते म्हणून. मीही तसंच बोलायला शिकलो. शाळेत मास्तरांनी काही आणायला सांगितलं की मी ते परत म्हणून दाखवायचो, आणि वर्ग हसायचा.

पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर विमान शिकायला गेलो तेव्हा हीच सवय कामाला आली. टॉवरवरून जे सांगतात ते पायलटनं जसंच्या तसं परत म्हणायचं असतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पलीकडचा माणूस तिथेच अडवतो आणि पुन्हा म्हणायला लावतो. माझ्याबरोबरची मुलं सुरुवातीला यातच अडखळायची. मला ते जन्मापासून येत होतं. बाकी मी काही फार हुशार विद्यार्थी नव्हतो. उन्हाळ्यात दुपारी विमानं उभीच असायची, तेव्हा मी हँगरच्या सावलीत पुस्तक घेऊन बसे, आणि तिथले मिस्त्री जाता-येता म्हणत, ‘काय पायलट, आज उडनार शे का नुसता बठी राहशी?’ मी हसायचो. उत्तर सुचायचं ते संध्याकाळी.

मी लांबण लावतो आहे. कळतंय मला. पण नोकरीचं थोडं सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लोकांना वाटतं, पायलट झाला की पहिल्या दिवसापासून पैसा. माझी निवड झाली तेव्हा काका म्हणाले होते, ‘सांग बरं, वावरातली केळी काढून तुझ्या विमानाला उतरायला पट्टा करून देऊ का?’ सगळं घर हसलं होतं. खरी गोष्ट अशी की लहान शहरांना जोडणाऱ्या कंपनीत, पंख्यांच्या विमानावर, उजव्या खुर्चीत बसणाऱ्या नवख्या सहवैमानिकाला आधी बरेच महिने नुसतं विद्यावेतन मिळतं. त्यानंतर जो पगार असतो तो उडालेल्या तासांवर. आणि तास देणं आपल्या हातात नसतं. धुकं पडलं, विमान दुरुस्तीला गेलं, एखादा मार्गच बंद झाला, की तास बुडाले. विमानतळाजवळ आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. पांढरा शर्ट रोज रात्री स्वतः धुवायचा, कारण कॉलर मळकी दिसली तर कॅप्टन प्रवाशांसमोर बोलत. बाहेरगावच्या मुक्कामाला जेवणाचा भत्ता मिळे, तो वाचवायला डब्यात पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्याची लाज नव्हती मला. उलट एक प्रकारची मजाच वाटायची.

लाज वाटायची ती हेडसेटची.

कंपनीचे हेडसेट विमानातच टांगलेले असायचे. कानावरच्या गाद्यांचं रेक्झिन फाटलेलं, आतल्या स्पंजचा भुगा कानाला चिकटायचा, आणि आधीच्या माणसाच्या घामाचा, केसांच्या तेलाचा वास. पंख्यांची घरघर त्यातून सरळ आत यायची. चार उड्डाणं करून खोलीवर आलो की कानात पिठाची गिरणी चालूच. जुन्या लोकांकडे स्वतःचे हेडसेट होते, बाहेरचा आवाज आपोआप कमी करणारे. त्यांची एक काळी, कडक पिशवी असायची. ते कॉकपिटमध्ये आले की बॅग ठेवायच्या आधी ती पिशवी उघडायचे. एका कॅप्टननं मला एकदा कंपनीचा हेडसेट कानावर दाबून धरताना पाहिलं. म्हणाला, ‘आधी हेडसेट घे, मग लग्न कर. बायकोचं ऐकायलाही कान लागतात.’ मग जरा गंभीर होऊन म्हणाला, कान गेले की लायसन्स गेलं.

तो खरंच बोलत होता. वैद्यकीय तपासणीत आमचे कान तपासतात. पण — इथे मला नीट लिहिलं पाहिजे — हे कारण मी पुढे स्वतःची समजूत घालायला वापरलं. तो हेडसेट मला हवा होता तो कानांसाठी कमी आणि त्या काळ्या पिशवीसाठी जास्त. मला त्यांच्यातला दिसायचं होतं. कंपनीचा हेडसेट घालून माझ्यासारखी कितीतरी मुलं वर्षभर उडत होती आणि त्यांचे कान शाबूत होते.

पैसे साठायला वेळ लागला. साठत आले होते. त्याच सुमारास चार दिवस घरी आलो, आणि आई म्हणाली, नानांना एकदा जळगावला दाखव.

नाना तेव्हा निवृत्त होऊन सावद्याला आले होते. ऐकू कमी येतं हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, पण वसाहतीत त्यांच्या वयाचे सगळेच तसे होते, सगळेच मोठ्यानं बोलायचे. गावात आल्यावर ते उघडं पडलं. चौघं हसले की नाना हसत, एका क्षणानं उशिरा. लग्नात कुणी काही विचारलं तर ‘हो हो’ म्हणत, आणि प्रश्न ‘जेवलात का’ असो की ‘तब्येत बिघडली होती का’ असो, उत्तर ‘हो हो’च. पोरं मागं टिंगल करायची. आईला ते सहन होत नव्हतं.

काकांची मोटारसायकल घेतली आणि नानांना मागे बसवून जळगावला गेलो. दवाखान्यात कान तपासणारी एक तरुण बाई होती. तिनं नानांना काचेच्या लहानशा खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेरून बघत होतो. कानांवर ते घालून, पाठ ताठ करून नाना बसले होते. इतके मन लावून, की जणू पुन्हा ड्यूटीवर आहेत. आणि पटापट बटण दाबत होते. बाई आधी खूश झाली, मग तिच्या लक्षात आलं की नाना तिच्या हाताकडे बघतायत. ती कळ फिरवते आहे असं दिसलं की ते बटण दाबत होते. ‘काका फसवतायत,’ ती हसून म्हणाली, आणि खुर्ची फिरवून बसली. मग बटण दाबलं जाईना. बराच वेळ दाबलं जाईना. नाना काचेतून माझ्याकडे बघत होते — आवाज सुरू झाला का, असं विचारल्यासारखे.

नंतर त्यांना बाकावर बसवून ती माझ्याशी बोलली. ती काय बोलली ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं. ते माझं कामच आहे. ती म्हणाली, दोन्ही कानांच्या नसांना आवाजानं इजा झाली आहे, ती भरून यायची नाही, पण मशीननं पुष्कळ फरक पडेल. कानातला मळ काढलाय, पुढच्या आठवड्यात या, मशीन लावून बघू. फक्त उशीर करू नका. शब्द ऐकायची सवय बरीच वर्षं सुटली की नुसता आवाज येतो, शब्द लागत नाहीत. मग तिनं दोन्ही कानांच्या मशीनची किंमत सांगितली.

ती किंमत मी साठवलेल्या पैशांइतकी होती. थोडी इकडेतिकडे.

नाना बाकावरून आमच्या तोंडांकडे बघत होते. कधी तिच्या, कधी माझ्या.

मी तिला म्हणालो, घरी विचारून सांगतो. घरी कुणाला विचारायचं होतं? ज्यांना विचारायचं ते समोर बसले होते.

मोटारसायकलवर काही बोलता येत नाही. बहिऱ्या माणसाशी तर नाहीच. भुसावळ गेलं, तापीचा पूल गेला, दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली. एवढ्या रस्त्यात मी काय विचार करत होतो? खरं सांगतो, मी काहीही ठरवलं नव्हतं. निदान मला तसं आठवतं. एका टपरीवर चहाला थांबलो. केळीचे ट्रक उभे होते, ड्रायव्हर, हमाल, दहा-बारा माणसं असतील. मी नानांच्या डाव्या बाजूला बसलो, कारण त्या कानानं थोडं बरं ऐकू येई. त्यांनी विचारलं, ‘काय म्हणाली बाई?’

मी म्हणालो, नस गेली, मशीनचा उपयोग नाही.

साध्या आवाजात म्हणालो. ज्याला ऐकू येत नाही त्याला साध्या आवाजात. का? मी त्यावर खूप विचार केला आहे. कदाचित मला ते त्यांना ऐकू जायला नकोच होतं. कदाचित नुसतं कसं वाटतं ते बघायचं होतं, बोलून.

नानांनी कानामागे हात धरला. ‘काय?’

तुम्ही कधी खोटं बोलला असाल तर तुम्हाला माहीत असेल, ते हळू बोलायची सोय असते. नजर खाली घालायची, पुटपुटायचं, विषय बदलायचा. मला ती सोय नव्हती. आणि दुसरीही एक गोष्ट खरी आहे. त्या ‘काय?’वर मला परत फिरता आलं असतं. पुढच्या आठवड्यात बोलावलंय, एवढंच ओरडायचं होतं. तेवढेच शब्द लागले असते.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, ‘नस गेली, नाना! मशीनचा उपयोग नाही!’

टपरीवरची माणसं बोलायची थांबली. कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

नानांनी कप खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बघत सावकाश, एकेक शब्द मोजल्यासारखं म्हणाले, ‘नस गेली. मशीनचा उपयोग नाही.’

आणि थांबले.

ते वाट बघत होते. तूरडाळ, गोडेतेल म्हणून पिशवी धरून थांबत तसे. जन्मभर फोनवर थांबले तसे. पलीकडच्यानं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय त्यांच्यासाठी ते खरं होणार नव्हतं.

मी म्हणालो, ‘बरोबर.’ तेही ओरडूनच.

‘जाऊ दे रे,’ नाना म्हणाले. ‘मला आता कुठं ड्यूटीवर जायचंय.’ आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. माझी समजूत काढायला.

एवढंच आहे. हेच सांगायचं होतं. आता लिहून झाल्यावर किती लहान दिसतं! दोन वाक्यं आणि एक शब्द. पण ते तेवढ्यावर राहिलं नाही, आणि जे पुढे झालं ते मला जास्त वाईट वाटतं, कारण पहिलं एक कप चहा पिण्याच्या वेळात घडलं. दुसरं मी वर्षानुवर्षं, पूर्ण शुद्धीवर केलं.

हेडसेट मी त्याच महिन्यात घेतला. काळी पिशवी आली. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंख्यांची घरघर एकदम खाली बसली आणि टॉवरचा आवाज इतका स्वच्छ आला, की जणू शेजारी बसून कुणी बोलतंय. तुम्हाला वाटेल, तेव्हा मला नाना आठवले असतील. नाही आठवले. मी खूश होतो. शेजारच्या कॅप्टननं ‘वा’ म्हटलं, आणि मी त्यात दिवसभर खूश होतो.

मनाशी एक ठरवलं होतं. तास वाढले, पैसे आले, की नवीन प्रकारचं मशीन निघालंय म्हणून सांगायचं आणि नानांना पुन्हा घेऊन जायचं. तास वाढले. पैसे आले. लग्न झालं, घर झालं. मग पैशाचा प्रश्न राहिला नव्हता. त्या वाक्याचा राहिला होता. मशीन लावलं आणि ऐकू आलं तर? नानांनी काही विचारलं नसतं. आईनं विचारलं असतं. ती त्याच दवाखान्यात जाऊन त्याच बाईला भेटली असती. बायकोनं दोन-तीनदा म्हटलं, पुण्यात चांगल्या ठिकाणी दाखवू या. मी तिला तेच सांगितलं, नस गेली म्हणून. तेही जरा वैतागून, म्हणजे तिनं पुन्हा विचारू नये.

आणि याहून वाईट एक. त्या बाईनं सांगितलेलं माझ्या डोक्यात होतं — उशीर झाला की शब्द लागत नाहीत. मला त्याचा आधार वाटायला लागला होता. दर वर्षी मी मनात म्हणायचो, आता उशीर झालाच असेल. आता खरंच उपयोग नसेल. मी जे खोटं बोललो होतो ते खरं होण्याची मी वाट बघत होतो.

तिकडे काय चाललं होतं? आई ओरडून ओरडून थकली. आधी घसा बसायचा, मग तिनं कामापुरतं बोलणं ठेवलं, मग तेही हातानं. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांत खूप बोलणं होतं, नाना ड्यूटीवरून आले की दीपनगरच्या ओट्यावर त्यांच्या गप्पा मी झोपेत ऐकल्या आहेत. ते सगळं संपलं. नाना मंडळींत जायचे थांबले. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला सगळी भावकी घरी जमायची, तेव्हा ते पंगत वाढून झाली की मागच्या दारी जाऊन बसायचे. माझी मुलगी त्यांच्याशी बोलायला जायची. नानांना ओठांवरून थोडं कळायचं, पण तिचे दुधाचे दात पडलेले, बोलणं बोबडं; काही लागायचं नाही. ते कपाळाला आठ्या घालून तिच्या तोंडाकडे बघायचे. तिला वाटायचं, आजोबा रागावतात. हळूहळू ती जायची बंद झाली.

जळगावचा मार्ग काही काळ माझ्याकडे होता. त्या दिवशी नाना गच्चीवर जात. विमानाचा आवाज आईला यायचा. ती त्यांच्या खांद्याला हात लावायची, मग ते वर बघायचे. आईनं हे मला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं. मी म्हणालो, उन्हाचं नका जाऊ देत जाऊ त्यांना.

हृदयाचं निमित्त झालं. मी पोहोचलो तेव्हा त्यांना भुसावळच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. शुद्धीवर होते. मला बघून हसले. मी त्यांच्या उशाशी बसलो आणि मला वाटलं — आता सांगावं. पण तिथे ओरडता येत नाही. आजूबाजूला माणसं मरणाच्या दारात पडलेली, नर्स बोट ओठांवर ठेवते. मी नुसता हात धरून बसलो. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. त्याआधी ओरडता येण्यासारखी कितीतरी वर्षं होती.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी जेवणं झाल्यावर माणसं मांडवात बसली होती. नानांबरोबर वीजकेंद्रात असलेले पंडितभाऊ यावलहून आले होते. माणूस बोलका. नानांच्या हट्टीपणाच्या गोष्टी निघाल्या, तेव्हा त्यांनी ही सांगितली. सावद्याला दोन-तीन वर्षांपूर्वी कानाच्या मशीनचं शिबिर झालं होतं. फुकट तपासणी, फुकट मशीन. पंडितभाऊंनी स्वतः येऊन नानांना तिथं नेलं, सकाळपासून रांगेत उभे राहिले दोघं. नंबर आला. डॉक्टर मशीन हातात घेऊन लावायला पुढे झाला, आणि नाना उठून उभे राहिले.

‘मी म्हनलं, नाना, फुकट हाये, लावून तं पाह्यजा,’ पंडितभाऊ सांगत होते. ‘तं म्हने कसे — माह्या पोरानं जळगावले दाखवलं. नस गेली, मशीनचा उपयोग नाही. तो पायलट हाये. त्याचं कामच हाये बरोबर ऐकायचं, तो चुकीचं सांगीन का? डॉक्टर म्हने, बाबा, दोन मिनिटं बसा. पन हा मानूस काही बसला नाही. म्हने, मशीन दुसऱ्या कोनाले द्या, ज्याले उपयोग हाये त्याले.’

मांडवात माणसं हसली. मायेनंच हसली. कुणी म्हणालं, पोरावर भरोसा असावा तर असा. काकांनी डोळे पुसले. पंडितभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुह्यावर लय जीव व्हता रे त्याचा.’

मी काय केलं? मी मान हलवली. सगळी भावकी समोर होती, आई ओट्यावर बायकांत बसली होती आणि ऐकत होती. मी पंडितभाऊंना विचारलं, चहा घेणार का.

शिबिराचं मला माहीत नव्हतं. त्या दिवसापर्यंत मी समजत होतो, मी नानांच्या मशीनला लागणारे पैसे स्वतःसाठी वापरले, आणि नंतर भित्रेपणा केला. ते तेवढंच नव्हतं. माझ्यावाचूनही त्यांना ऐकू येऊ शकत होतं. डॉक्टर हातात मशीन घेऊन समोर उभा होता. माझं वाक्य मधे उभं राहिलं.

आता घरात आई आणि मी. आई अजून मोठ्यानं बोलते. दूधवाल्याशी, माझ्याशी, मांजराशी. इतक्या वर्षांची सवय. आपण ओरडतोय हे तिला कळत नाही, आणि मी तिला सांगत नाही.

परवा संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. ती येऊन शेजारी बसली. मग एकदम हळू, इतक्या हळू की मी तिचा तो आवाज विसरूनच गेलो होतो, ती म्हणाली, ‘पंडितभाऊ सांगत होते त्या मशीनचं. खरंच उपयोग झाला नसता का रे?’

मला स्वच्छ ऐकू आलं. परत म्हणायला लावावं असंही काही नव्हतं त्यात.

मी म्हणालो, ‘नसता झाला, आई.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘मनात आलं म्हणून विचारलं.’ आणि देवापाशी दिवा लावायला आत गेली.

हे लिहायला घेऊन मला तेव्हा आठवडा झाला होता.